चार नंबरचा लाल

ठेव तो स्क्रूड्रायव्हर खाली. वायर उलटी दिसली की निघाली लगेच सरळ करायला, मामाला विचारायचं राहिलं बाजूला. नाही गं, रागावलो नाहीये. उद्या तुमचं प्रोजेक्ट द्यायचंय हे मला ठाऊक आहे, आणि साडेनऊ वाजलेत हेही दिसतंय. तरी बसा तिघी. मी सांगतोय ते संपेपर्यंत त्या रिलेला कुणी हात लावायचा नाही.

आणि तू कॉमर्सची ना? मग आधी तुझ्यासाठी सांगतो. रिले म्हणजे विजेनं हलणारा छोटासा स्विच. आत तारेची गुंडाळी असते आणि एक पत्ती. गुंडाळीला वीज मिळाली की पत्ती ओढली जाते, टक्. वीज गेली की सुटते, टक्. पत्तीच्या एका बाजूला एक दिवा, दुसऱ्या बाजूला दुसरा. झालं, एवढंच शास्त्र. बाकीचं ज्ञान या दोघी तुला पाजतीलच.

माझ्या दुकानात मीटर होता, भाचीबाई, तुला आठवत असेल. तुझी बंद पडलेली बाहुली त्यानंच बोलती केली होती. शर्टाच्या खिशात कायम मल्टिमीटर, म्हणून मीटर. स्वतःच्या लग्नातसुद्धा होता खिशात. अकरा वर्षं माझ्याबरोबर काम केलं त्यानं. तसा थापाड्या माणूस, चौदाशेचं काम करून आला की चार हजारांचं सांगायचा. पण ही हकीकत त्यानं मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तेव्हापासून मी ती खरी धरतो.

दोन वर्षं झाली. नोव्हेंबरची तेरा तारीख, बुधवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास एक बाई दुकानात आल्या. साठीच्या असतील. म्हणाल्या, यांनी केलेली छोटी रेल्वे बंद पडली आहे, आणि उद्या सकाळी दहाला ती चाललीच पाहिजे. मला वाटलं, नातवाचा वाढदिवस असेल. मी मीटरला म्हटलं, जा बाबा, जवळच आहे घर. तो स्कूटरवर हत्यारांची पिशवी लटकवून शीळ घालत गेला.

घर साधंच. खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीत दोन दारं जोडून केलेलं टेबल आणि त्यावर अख्खं स्टेशन. चार रूळ, फलाट, पाण्याची टाकी, सिग्नलची केबिन, दिव्याचे खांब. सगळं पुठ्ठ्याचं आणि काड्यांचं, पण इतकं नेमकं की फलाटावरची तुटकी फरशीसुद्धा तुटकीच केलेली. दोन नंबरच्या रुळावर एक ढकलगाडी आणि तिच्याजवळ दोन माणसं, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. एकाचा सदरा नारिंगी. यार्डाबाहेर मालगाडी उभी, इंजिन आणि पाच डबे. टेबलाच्या कडेला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हुकूम देणारा इवलासा संगणक, त्याला जोडलेला आठ रिलेंचा बोर्ड आणि एक छोटा स्क्रीन, त्यावर आठ चौकोन. चौकोन दाबला की रिले ओढला जाणार, सोडला की सुटणार.

मीटरनं सहज विचारलं, काकू, ही गाडी नातवाची का? काकू म्हणाल्या, नातू नाही. मग त्यांनी सांगितलं.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, रेल्वेत सिग्नलच्या देखभालीला होते. एकतीस वर्षं. नाकासमोर चालणारा माणूस, घरी आला तरी बोलणार वायरींबद्दलच. एका सकाळी यार्डातली वीज चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत एक मालगाडी दोन नंबरच्या रुळावर शिरली. तिथं दुरुस्तीची ढकलगाडी उभी होती. एक जण गेला. ड्रायव्हर म्हणाला, मला सिग्नल हिरवा होता. काका म्हणाले, शक्यच नाही, माझी जोडणी अशी आहे की वीज गेली की लालच लागणार. केबिन उघडून पाहिली तर वायरी उलट्या लावलेल्या. काका म्हणाले, मी नाही लावल्या, कुणीतरी बदलल्यात. चौकशीनं लिहिलं, जाणकार माणूस चालू जोडणी विनाकारण बदलणार नाही, तेव्हा ती मुळातच चुकीची केली गेली असावी. सगळं खापर काकांच्या डोक्यावर फुटलं.

त्यानंतर ते वर्षभर या खोलीत बसले आणि हे यार्ड उभं केलं, दाखवायला. दाखवायच्या आधीच एका दुपारी जेवता जेवता गेले. काकूंनी पुढची दोन वर्षं अर्ज केले. शेवटी उद्या दहाला दोन अधिकारी घरी येणार होते, फक्त एकदा. गल्लीतली काही माणसं अजून काकूंकडे पाहत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. अपघातात गेलेल्या माणसाचं घर त्यांच्या शेजारच्याच रस्त्यावर होतं.

मीटरची शीळ थांबली. कामाला लागला.

बिघाड अर्ध्या तासात सापडला. तुम्हीही कधीतरी कराल ती चूक. कंट्रोलरचा पुरवठा वेगळा, रिलेचा वेगळा, आणि दोघांना जोडणारी ग्राउंडची काळी वायर निसटलेली. धूळ पुसताना निघाली असणार. मग रिले कधी ऐकतात, कधी नुसते फडफडतात. मीटरनं ती वायर घट्ट लावली. एक नंबर दाबला, फलाटाचे दिवे लागले. दोन दाबला, गाडीचा रूळ बदलणारा सांधा हलला. तीन, बरोबर. पाच ते आठ, बरोबर. साडेनऊला काम संपलं होतं. घरी जायचं की नाही?

पण चार नंबर. चार नंबरच्या चौकोनावर काकांनी लिहिलं होतं, ‘लाल’. दोन नंबरच्या रुळाचा सिग्नल. आणि तो दाबला की लाल विझायचा, हिरवा लागायचा. सोडला की लाल. बाकी सात जण दाबल्यावर लागतात, हाच एक दाबल्यावर विझतो. मीटरनं वाकून पाहिलं. पत्तीची जी बाजू वीज नसताना जोडलेली असते, तिथं लाल दिव्याची वायर. वीज असताना जोडली जाते तिथं हिरव्याची. वर या दिव्यांना बॅटरीही निराळी दिलेली. मीटरला वाटलं, म्हातारपणी गोंधळ झाला बिचाऱ्यांचा. अधिकाऱ्यांसमोर ‘लाल’ दाबल्यावर हिरवा लागला तर काकूंचं हसं होईल. त्याचे हात शिवशिवायला लागले. त्यानं दोन स्क्रू सैल केले, वायरींची अदलाबदल केली, स्क्रू आवळले. दाबलं, लाल. सोडलं, हिरवा. शहाण्यासारखं.

काकूंना दाखवायला वर बोलावलं. काकूंनी ‘लाल’ दाबला.

लाल विझला. हिरवा लागला.

मीटर ओशाळला. वायरी होत्या तिथंच होत्या. म्हणाला, काकू, मी नुसतं मनातच केलं वाटतं, दमलोय. तुम्ही झोपा, मी हे नीट करूनच जातो. काकू म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही बाबा, तू म्हणशील ते. त्या खाली गेल्या. अंथरुणावर कूस बदलल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. त्यांनाही झोप नव्हती.

मीटरनं परत वायरी बदलल्या. या वेळी एकेक पायरी तोंडानं बोलत. लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे. स्क्रू आवळले, वायरी ओढून पाहिल्या. आणि खात्री म्हणून मोबाइलवर फोटो काढला. अकरा बावन्न. तो फोटो मी पाहिला आहे, म्हणून वेळ सांगतोय. मग हात धुवायला खाली गेला. नळ सोडला आणि वरून आवाज आला.

टक्.

तो तसाच ओल्या हातांनी जिना चढून आला. सिग्नलवर लाल. त्यानं वाकून बोर्ड पाहिला. लाल उजवीकडे, हिरवी डावीकडे. मोबाइल पाहिला. लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे. परत बोर्ड पाहिला. खिडकीला आतून कडी होती. जिना एकच, आणि त्यावरून तोच आला होता.

तुम्ही काय केलं असतं? मी पळालो असतो, खरं सांगतो. मीटर जिन्यापर्यंत गेलाही. पण खाली काकू जाग्या होत्या, आणि मी नीट करूनच जातो असं तो बोलून बसला होता. शिवाय मीटर हट्टी. आपण केलेलं काम कुणी परत उलटं केलेलं त्याला माझ्याकडूनसुद्धा खपायचं नाही. तो परत आला. स्क्रू फिरवायला गेला तर फिरेना. इतके आवळलेले, की दोन्ही हात लावावे लागले आणि तळहाताचं कातडं सोललं. तिसऱ्यांदा वायरी बदलल्या. खुर्ची ओढली, बोर्डासमोर बसला आणि ठरवलं, आता पापणी लववायची नाही.

साडेबारा झाले. एक वाजला. त्याचा उजवा पाय आपोआप हलत होता. तो धरून ठेवला की डावा हलायचा. एकदा उठून त्यानं कपाटामागे पाहिलं. एकदा टेबलाखाली. परत येऊन बसला. सारखं वाटायचं, टेबलाच्या पलीकडे कुणीतरी आपल्यासारखंच बोर्डाकडे बघत उभं आहे. मान वर केली की भिंत. मान खाली घातली, की परत तेच.

एक चाळीसला वीज गेली.

टक टक टक. सगळे रिले सुटले. स्क्रीन काळा. खोलीत काळोख. फक्त एक दिवा राहिला, बॅटरीवरचा. सिग्नलचा. मोहरीएवढा.

हिरवा.

मीटर त्याच्याकडे बघत बसला. आणि मग...

आवाज आला. बारीक. चाक रुळावर घासल्याचा.

टेबल सपाट होतं. रुळांत वीज नव्हती. तरी आवाज पुढं येत होता. यार्डाबाहेरून... सांध्यावरून... खट्... खट्... एकेक डबा. हिरव्या दिव्याखालून काहीतरी काळं सरकलं. मग दिवा दिसला. मग परत झाकला.

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. आणि सोडला नाही.

मीटरला तेव्हा दिसलं. म्हणजे डोळ्यांना नाही, समजलं. वीज गेलीये. आणि सिग्नल हिरवा आहे. दोन नंबरवर दोन माणसं उभी आहेत. आणि वायरी... वायरी आपण बदलल्यात. आपल्या हातानं. तीन वेळा.

त्यानं हात घातला. अंधारात, अंदाजानं, ढकलगाडीच्या अलीकडे. इंजिन तळहातावर येऊन टेकलं. बर्फासारखं गार. आणि थांबलं नाही. ढकलत राहिलं. एवढंसं इंजिन, पण मीटरचं मनगट मागं जाऊ लागलं. दुसरा हात टेबलावर चाचपत होता. स्क्रूड्रायव्हर. कुठं गेला स्क्रूड्रायव्हर. इथंच होता. इथंच...

तो हातात आला.

नीट ऐका. त्याच्या हाताला सापडला नाही. हातात दिला गेला. आणि मुठीकडून दिला. आम्ही कामाला असलो की एकमेकांना देतो ना, टोक स्वतःकडे ठेवून, तसा.



त्यानं एका हातानं इंजिन धरलं, दुसऱ्या हातानं बोटांनी चाचपून स्क्रू शोधले. लाल उजवीकडे. हिरवी डावीकडे. आवळलं.

दिवा लाल झाला.

इंजिनाचा जोर संपला. आणि पलीकडे, इतका वेळ धरून ठेवलेला तो श्वास... सुटला.

वीज आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मीटर सकाळपर्यंत त्या खुर्चीत बसून होता. रडला, असं त्यानं मला सांगितलं. भीतीनं नाही. शरमेनं.

दहाला अधिकारी आले. एक चष्म्याचे वयस्कर, एक तरुण, त्याच्या काखेत जाड फाइल. काकूंनी स्वच्छ पातळ नेसलं होतं आणि हात पदरात घट्ट धरले होते. मीटरनं सगळं चालवून दाखवलं. मग चष्म्याच्या साहेबांनी स्वतः भिंतीतला प्लग काढला. सगळं विझलं, लाल लागला. मीटरनं समजावलं, साहेब, रस्ता मोकळा ठेवायचा तर वीज धरून ठेवावी लागते. थांबवायला काही लागत नाही. चौकोनावरचा ‘लाल’ म्हणजे हात सोडल्यावरचा, आणि काकांनी यार्डात अशीच जोडणी केली होती.

साहेब शांतपणे म्हणाले की हे काकांनी जबाबात सांगितलंच होतं. प्रश्न तो नव्हताच. केबिनमधली वायर उलटी सापडली होती, आणि कुठलाही जाणकार माणूस चालू सिग्नलची वायर उगाच बदलणार नाही. काकूंनी मान खाली घातली. तीन वर्षं हेच एक वाक्य त्यांच्या उरावर बसलं होतं.

आता मीटरचं बघा. हा माणूस स्वतःची चूक कधी कबूल करत नसे. गिऱ्हाइकासमोर तर नाहीच. तो पुढं झाला.

“साहेब, काल रात्री ती वायर मी बदलली होती,” तो म्हणाला. “बरोबर करतोय असं समजून. अठरा वर्षं हेच काम करतोय मी.”

त्यानं मोबाइल पुढं केला. अकरा बावन्नचा फोटो. साहेबांनी चष्मा वर केला, फोटो पाहिला, बोर्ड पाहिला. कुणी सांगितलं होतं बदलायला, त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. उलटी दिसली.”

मग तो तरुण अधिकारी फाइल चाळायला लागला. मागं गेला, पुढं आला, परत मागं गेला. एका पानावर थांबला आणि ते पान त्यानं साहेबांपुढं धरलं. अपघाताच्या आदल्या दिवशी यार्डात बाहेरची दुरुस्तीची टोळी येऊन गेली होती. तिच्या कामाची यादी होती ती. दिवे बदलले, पॅनेल पुसलं, आणि शेवटची ओळ: एक उलटी वायर आढळली, सरळ केली.

सगळ्यांनी वाचलेली ओळ होती ती. चांगलं काम म्हणून वाचलेली.

साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, “बाई, आम्ही चुकलो. मी आज रात्रीच लिहून टाकतो.” काकूंनी भिंतीला हात टेकला. त्यांना खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत. साहेब जाईपर्यंत ताठ उभ्या राहिल्या.

साडेअकराला ते गेले. मीटरनं आवरायला घेतलं. आधीच काढलेला अडॅप्टर उचलला, वायर गुंडाळली आणि काकूंच्या हातात दिला. सिग्नल लाल होता, बॅटरीवर. खाली येऊन काकूंनी चहा टाकला. अडॅप्टर त्यांच्या हातातच होता, ठेवायचं सुचलं नव्हतं.

आणि वर आवाज झाला. टक्. एकच.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू पुढं, मीटर मागं. वर गेले.

चार नंबर हिरवा होता.

मीटरनं बोर्डाकडे पाहिलं. पुरवठ्याच्या जागी काही नव्हतं, दोन उघडे स्क्रू नुसते. त्यानं एकेका रिलेवर बोट ठेवलं. एक गार. दोन गार. तीन गार. चारवर बोट ठेवलं आणि मागं घेतलं. पुढचे चारही पाहिले, गार. परत चारवर ठेवलं. तो कोमट होता. गुंडाळीतून तासन्तास वीज धरून ठेवली की रिले जसा होतो, तसा.

काकूंनी विचारलं, काय झालं. त्यानं त्यांचं बोट धरून त्या रिलेवर ठेवलं.

काकू हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या.

“गाडी सुटली,” त्या म्हणाल्या.

खाली चहा उतू गेला, त्याचा वास वर आला. मीटर गॅस बंद करायला खाली गेला, परत आला. काकू तिथंच उभ्या होत्या. रिले हळूहळू निवत होता. तो पार गार होईपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.